पाटी कुणाची, पैसे कुणाचे

प्रश्न : काका, मी राजारामपुरीत राहतो. दोन वर्षांपूर्वी मित्राच्या साथीनं कोल्हापुरातल्या दुकानांची आणि कारखान्यांची माहिती देणारं संकेतस्थळ काढलं. आज नऊशे नोंदी आहेत, बहुतेक आम्ही दोघांनी गल्लोगल्ली फिरून केलेल्या. मालकानं ‘ही नोंद माझी’ असा दावा केला, एखादा कागद पाठवला आणि वर्षाचे १,२०० रुपये भरले की त्याच्या नावापुढं हिरवी खूण लागते. गेल्या महिन्यात चप्पल लाईनीतल्या एका दुकानावर असाच दावा आला. जीएसटी प्रमाणपत्राचा फोटो होता, पैसेही आले. दोन दिवसांनी त्या माणसानं नोंदीतला मोबाईल नंबर बदलला. पुण्याच्या एका बाईंनी त्या नंबरवर सहा जोड मागवले आणि ७,४०० रुपये पाठवले. चपला आल्या नाहीत. खरे मालक आमच्या दारात येऊन जे बोलले ते इथं लिहीत नाही. दुसरी भानगड एका मिसळीच्या दुकानाची आहे. वडील वारले, दोन सख्खे भाऊ शाहूपुरी आणि फुलेवाडीत वेगवेगळे बसतात. दोघांनी वडिलांच्याच नावाचा जीएसटीचा कागद पाठवून एकाच नोंदीवर दावा केलाय आणि दोघांनीही पैसे भरलेत. मित्र म्हणतो, यापुढं सगळ्यांचं आधार कार्ड मागवू आणि गिऱ्हाइकाचे पैसे आपल्याच खात्यात घेऊ. माल पोचला की कमिशन कापून दुकानदाराला देऊ, म्हणजे कुणी फसणार नाही. करू का तसं?

उत्तर :

मित्राचं ऐकू नकोस. का ते पुढं सांगतो. आधी पुण्याच्या बाईंचं बघू, कारण तिथं घड्याळ चालू आहे.

त्यांना आजच फोन कर आणि १९३० या नंबरवर तक्रार नोंदवायला सांग. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तीच तक्रार नोंदवता येते. पैसे गेल्या गेल्या तक्रार झाली तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. महिना उलटल्यावर ती आशा थोडी. तरीही तक्रार हवीच, कारण तोच नंबर आणि तेच खातं आणखी चार जणांच्या तक्रारीत असू शकतं. तू स्वतः पोलिसांत जा, खऱ्या मालकांनाही बरोबर घे. जाताना दाव्याची तारीख आणि वेळ, ज्या नंबरवर ओटीपी गेला तो नंबर, आयपी पत्ता, प्रमाणपत्राचा फोटो आणि त्या भामट्यानं तुला भरलेल्या १,२०० रुपयांचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, एवढं कागदावर घेऊन जा. यातला हा यूपीआय क्रमांक सगळ्यात मोलाचा. खोटं सिम आणि खोटा फोटो सहज मिळतो, पण पैसे कुठल्या तरी बँक खात्यातूनच निघतात आणि त्या खात्याला कुणाचं तरी नाव असतं.

ते १,२०० रुपये खर्चू नकोस. ‘चुकून भरले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ असा फोन आला तर मुळीच परत करू नकोस. पोलीस सांगतील तसं कर.

आता मूळ दुखण्याकडं येतो. मी लक्ष्मीपुरीत तीस वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिल्या. रोजमेळ, खतावणी, पुढं संगणक आला तरी काम तेच. त्या काळात आमच्या पेढीवर दरवर्षी एक छापील बिल यायचं. कुठल्याशा व्यापारी सूचीत तुमची नोंद आहे, नूतनीकरणाचे अमुक रुपये पाठवा. सूची कुणी पाहिलेली नसायची आणि नोंद कुणी मागितलेली नसायची. पण बिल इतकं रीतसर दिसायचं की एक वर्ष मीच ते चुकतं केलं, आणि शेठजींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “दिवाणजी, ही सूची कुठंय, दाखवा बघू.” पैसे घेतले म्हणजे नातं सिद्ध झालं, असं बिल पाठवणाऱ्याला वाटत होतं आणि बिल भरणाऱ्यालाही. तुझी हिरवी खूण त्याच वाटेनं निघाली आहे. दुकान त्याचं आहे का हे तू पाहिलं नाहीस, त्यानं पैसे भरले एवढंच पाहिलंस.

म्हणून पहिलं काम हे, की खूण विकायची बंद कर. तपासणी फुकट ठेव. पैसे जाहिरातीचे घे, फोटोंच्या जागेचे घे, यादीत वरच्या जागेचे घे, आणि तिथं ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिही. तपासणीत नापास झालेल्याचे पैसे ठेवून घ्यायचा मोह होणार नाही आणि पास करायची घाईही होणार नाही.

आता त्या जीएसटी प्रमाणपत्राबद्दल. मालकांना राग आला असेल की ‘माझा कागद त्याच्याकडं गेलाच कसा?’ अरे, तो कागद दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावायचा, असा नियमच आहे, आणि जीएसटी क्रमांक पाटीवर लिहायचा असाही. चप्पल मापात बसते का बघता बघता कुणीही त्याचा फोटो काढू शकतं. त्यामुळं प्रमाणपत्राच्या फोटोवरून एवढंच कळतं, की फोटो काढणारा कधीतरी त्या दुकानात जाऊन आला होता, आणि तेही नक्की नाही.

क्रमांक मात्र कामाचा आहे, वाचता आला तर. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर धंद्याची जात सांगतं. ‘पी’ असेल तर एकट्या माणसाचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही हा क्रमांक शोधता येतो. तिथं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. एकट्याचा धंदा असेल तर कायदेशीर नावाच्या जागी मालकाचं स्वतःचं नाव असतं. तुला या नावाशी काम आहे.

तुझ्या यादीतल्या कितीतरी जणांना जीएसटी लागूच नसेल. माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत एरवी नोंदणीची सक्ती नाही. असे लोक उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, पाठवतील. ते जुलै २०२० पासून सुरू झालं, फुकट मिळतं आणि माणसानं स्वतः भरलेल्या माहितीवर मिळतं. शॉप ॲक्टचं तेच. २०१७ च्या कायद्यानं छोट्या दुकानाला फक्त ऑनलाईन सूचना द्यावी लागते. हातात पडते ती त्या सूचनेची पोच, कुणी येऊन शटर पाहिलेलं नसतं. हे कागद खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ‘मी असा असा आहे’ असं माणसानं स्वतःच सरकारला कळवल्याचे ते कागद आहेत, एवढीच त्यांची किंमत धर.

मग मालक ओळखायचा कसा? मालकी ठरवणं कोर्टाचं काम आहे, तुझं नाही. तुला एवढंच पाहायचंय, की दावा करणारा माणूस त्या पत्त्यावर बसतो का आणि ते दुकान त्याच्या हुकमात आहे का.

तुम्ही दोघं फिरून नोंदी केल्यात ना? तेव्हा पाटीवरचा नंबर टिपला असशील, फोटोही असेल. दावा आला की त्या जुन्या नंबरवर फोन लाव. दावेदारानं दिलेल्या नंबरवर फोन करून ‘दुकान तुमचंच ना?’ विचारलंस तर तो काय सांगणार? त्या चप्पलवाल्यांच्या बाबतीत हा एक फोन झाला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. नव्वद सेकंदांचं काम होतं ते, आणि ही चूक तुमची आहे. मालकांना भेटशील तेव्हा ‘सिस्टीममध्ये झालं’ असं म्हणू नकोस.

दुसरं, एक रुपया. दावेदाराला सांग, धंद्याच्या खात्यातून एक रुपया पाठव. आलेल्या पैशाबरोबर खातेदाराचं नाव दिसतं. ते नाव पोर्टलवरच्या कायदेशीर नावाशी किंवा दुकानाच्या नावाशी जुळलं तर बरं. नाही जुळलं तर लगेच चोर म्हणू नकोस. आपल्याकडं दुकान सासऱ्याच्या नावावर, खातं बायकोच्या नावावर आणि गल्ल्यावर भाचा, असं घरोघरी असतं. मग नात्याचं विचार आणि गल्ल्याशी उभं राहून बोल.

तिसरं, पाकीट. सहा आकडी कोड पाकिटात घालायचा, पाकीट दुकानात नेऊन गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात द्यायचं. त्यानं तो कोड दाव्याच्या पानावर भरायचा. गावातल्या दुकानांना हे तुम्ही एका दुपारीत कराल. महाद्वार रोडपासून पापाच्या तिकटीपर्यंत चालायला किती वेळ लागतो? हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले यांना स्पीड पोस्टनं पाठव. मोठमोठ्या नकाशेवाल्या कंपन्याही पूर्वी कोडचं पत्रच पाठवायच्या आणि आता व्हिडिओ मागतात. तूही मागू शकतोस. रस्त्यापासून सुरुवात, पाटी, मग शटर उघडून आत गल्ल्यापर्यंत, मध्ये न तोडता. गल्ल्याच्या आत कोण जाऊ शकतं, हे व्हिडिओत लपत नाही.

आणि एकदा खूण लागली म्हणजे दार कायमचं उघडं ठेवायचं नाही. मोबाईल नंबर, पत्ता, क्यूआर, बँक खातं, यातलं काहीही बदलायचं म्हटलं की आधी जुन्या नंबरवर संदेश जावा, बदल तीन दिवस थांबावा आणि तोवर खूण उतरावी. त्या भामट्यानं दावा जिंकून काय केलं? फक्त नंबर बदलला. त्याला बाकी काही नकोच होतं.

खुणेवर काय लिहितोस तेही बघ. नुसतं ‘व्हेरिफाईड’ वाचून पुण्याच्या बाईंना वाटलं असणार की चपला अस्सल आहेत, चामडं चांगलं आहे, माणूस सचोटीचा आहे. यातलं काहीच तू तपासलेलं नाहीस. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. तुझ्या हिरव्या खुणेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही आणि तसा भासही होऊ देऊ नकोस. सरळ लिही : ‘पत्ता पाहिला, फोनवर बोललो’ आणि पुढं तारीख. वर्ष झालं की पुन्हा फोन, नाहीतर खूण गेली.

आधार कार्ड नकोच. चप्पल लाईनीत दुकान कुणाचं हे आधार सांगत नाही. वर नऊशे लोकांच्या आधारच्या प्रती तुझ्या लॅपटॉपवर पडून राहणार, तो लॅपटॉप तू कॅफेत घेऊन बसणार. एखाद्यानं आपणहून पाठवलीच तर शेवटचे चार आकडे सोडून झाकलेली प्रत पाठवायला सांग, बघ आणि पुसून टाक. ‘पाहिलं’ एवढी टीप ठेव. जे जपता येत नाही ते मागू नये.

आता मित्राच्या बेताकडं येतो. गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात घ्यायचे आणि नंतर दुकानदाराला द्यायचे, हे ऐकायला विश्वासाचं वाटतं. जुन्या पेठेत दलाल करायचेच की. पण एकाचे पैसे गोळा करून दुसऱ्याला पोचते करण्याच्या ऑनलाईन धंद्याला रिझर्व्ह बँक ‘पेमेंट ॲग्रिगेटर’ म्हणते आणि मार्च २०२० पासून त्याला रीतसर नियम आहेत. बँक नसलेल्या कंपनीला परवानगी लागते, अर्ज करतानाच १५ कोटींची नक्त मालमत्ता लागते, तिसऱ्या वर्षाअखेर २५ कोटी. गिऱ्हाइकांचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, ठेवावा लागतो. तुम्हा दोघांची मिळून एक सेकंडहँड ॲक्टिव्हा असेल, तर हा विषय इथं संपला.

दुसरी अडचण जीएसटीची. मालाचे पैसे तू घेतलेस की तू ई-कॉमर्स चालवणारा झालास. मग उलाढाल कितीही असो, नोंदणी आली, आणि दुकानदाराच्या विक्रीवर अर्धा टक्का कर कापून सरकारात भरणं आलं. आत्ता तू मालाचे नाही, फक्त खुणेचे पैसे घेतोस. नऊशेच्या नऊशे जणांनी १,२०० भरले तरी वर्षाचे १० लाख ८० हजार होतात, म्हणजे २० लाखांच्या खूप आत. (नोंदणी नसताना बिलावर ‘जीएसटी १८ टक्के’ असं काही छापलं नाहीस ना? छापलं असशील तर आज काढ.)

तिसरी अडचण मी डोळ्यांनी पाहिली आहे. ओळखीच्या एका अडत्याच्या खात्यात कुणा फसवणाऱ्याचे चार हजार रुपये मालाचे म्हणून आले. तिकडं दुसऱ्या राज्यात तक्रार झाली, पैशाचा माग काढत काढत याचं खातं गोठवलं गेलं. याचा दोष काही नव्हता, पण हमालांचा पगार अडकला. उद्या शंभर दुकानांची गिऱ्हाइकं तुझ्या एका खात्यातून जायला लागली, तर त्यातलं एक वाकडं निघालं की शंभर जणांचे पैसे थांबतील, आणि सगळे तुझ्याच दारात येतील.

पुढं कधी खरोखरच संकेतस्थळावरून विक्री करायची झाली, तर परवाना असलेल्या पेमेंट कंपन्या रक्कम विभागून थेट दुकानदाराच्या खात्यात टाकायची सोय देतात. पैसा तुझ्या हाताला लागतच नाही. तेव्हाही आधी कर सल्लागाराकडं जाऊन ये. तोवर गिऱ्हाइकानं दुकानदाराला थेट पैसे द्यावेत, आणि प्रत्येक नोंदीखाली ठळक लिही, की पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव इथल्या नावाशी ताडून बघा, आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

तुझ्या स्वतःच्या जमेचं थोडक्यात सांगतो. बचत खात्यावर धंदा चालवू नकोस, चालू खातं काढ. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नकोस. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट आज शाळकरी पोरगाही बनवतो. पेमेंट गेटवे लावलास तर ‘पैसे भरले’ असं सांगणाऱ्या ब्राउझरच्या पानावरून खूण किंवा जाहिरात चालू करू नकोस. गेटवेच्या सर्व्हरकडून तुझ्या सर्व्हरला येणारा निरोप, ज्याला तुम्ही पोरं वेबहुक म्हणता, त्याची सही पडताळून मगच चालू कर. रोज संध्याकाळी बँकेचा उतारा आणि तुझी यादी समोरासमोर ठेव. आमच्या पेढीवर चार आण्यांचा फरक निघाला तरी दिवाबत्ती झाल्यावरही घरी जायची सोय नव्हती. परतावा द्यायचा तो ज्या खात्यातून आला त्याच खात्यात. आणि दरवर्षी आपोआप पैसे कापायची सोय ठेवणार असशील तर चोवीस तास आधी कळवायचा नियम आहे. तू आठवडाभर आधी कळव, नाहीतर तुझं बिलही त्या माझ्या सूचीवाल्यासारखं दिसेल.

राहिले दोन भाऊ. तू लिहिलंयस की वडील वारले. एक भाऊ शाहूपुरीतल्या जुन्या जागेत आहे, दुसऱ्यानं फुलेवाडीला त्याच नावानं दुकान थाटलंय, आणि दोघांच्या पाटीवर ‘मूळ’ आहे. दोघांनी जीएसटीचा वडिलांच्याच नावाचा कागद पाठवलाय. बघ, तो पॅन वडिलांचा. वडील गेल्यावर वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, त्यामुळं तो कागद दोघांपैकी कुणाचंच काही सिद्ध करत नाही. खाण्याच्या धंद्यात एक वेगळा कागद कामाला येतो. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक जागेला बांधलेला असतो, प्रत्येक जागेला वेगळा. दोघांकडून आपापल्या जागेचा परवाना माग. एकाकडं नसला तर त्याची नोंद ठेव, खूण देऊ नकोस.

नोंदी दोन कर, पत्त्यावरून. नावापुढं ‘शाहूपुरी’ आणि ‘फुलेवाडी’ एवढंच लिही. ‘मूळ’, ‘जुनी’, ‘खरी’ हे शब्द कुणालाच देऊ नकोस, ‘स्थापना’ हा रकानाही दोघांचा कोरा ठेव. जुन्या नोंदीवरचे अभिप्राय ज्या जागेबद्दल लिहिलेत त्या जागेकडंच राहू देत. फुलेवाडीवाला म्हणेल, रस्सा आमच्या बाबांचाच आहे. असेलही. त्याला सांग, नावाचा ट्रेडमार्क असेल तर दाखव, वाटणीपत्र असेल तर दाखव, कोर्टाचा हुकूम आण, त्यात लिहिलं असेल तसं मी बदलीन. दोघांचे १,२०० परत कर, आले त्याच खात्यांत, आणि परतीचा क्रमांक दोघांना कळव. एकाच्या परताव्याबद्दल दुसऱ्याशी बोलू नकोस. एका भावाच्या दुकानात तांबडा रस्सा खात बसलास तर दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत कळेल, तेव्हा निदान निकाल लागेपर्यंत दोन्हीकडं जाऊ नकोस. ही शिक्षा जरा कडक आहे, मान्य.

संकेतस्थळावर तक्रार घेणाऱ्याचं नाव आणि नंबर ठळक टाक. कायद्यालाही ते हवंय. तुमच्या दोघांपैकी ज्याला शिव्या ऐकून घेता येतात त्याचं टाक.

चप्पलवाल्यांकडं उद्या सकाळी जा, गर्दी व्हायच्या आत. मित्राला घेऊन जा, तो बेत त्याचा होता म्हणून नव्हे, दोघांना मिळून बोलणी खाणं सोपं जातं म्हणून. त्यांच्यासमोर मोबाईलवर नोंद उघड, नंबर त्यांचा त्यांना घालू दे, आणि नोंदीवरून त्यांना फोन लाव. त्यांच्या हातातला फोन वाजला की मग पुण्याच्या बाईंच्या तक्रारीचा कागद पुढं कर आणि पोलीस ठाण्यात कधी जायचं ते विचार.